ती बसेना, ढोल वाजेना

ब्रुकलिन, सप्टेंबरचा पहिला आठवडा

प्रिय पास्क्वालेदादा,

तुझ्या हाताचं चुंबन घेऊन धाकट्या सावेरिओचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? आणि तुझ्या शेळ्या? (शेळ्यांची चौकशी मी उगीच करत नाहीये, पण ते शेवटी.) आपल्या गावच्या संताच्या, सान रोक्कोच्या कृपेने मी इथे धडधाकट आहे. ढोलाबद्दल तसं म्हणता येणार नाही.

सान रोक्कोच्या सणाला सकाळी मी पावाची भट्टी बंद केली, आंघोळ केली, आईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, काळा सूट चढवला आणि ढोलाच्या पितळी कड्या राखेने घासून लख्ख केल्या. मग ढोल पाठीवर घेऊन चर्चकडे निघालो. तू म्हणशील, हा तर बेसबॉलच्या मैदानावर ढोल बडवतो, चर्चमध्ये कशाला? तर दरवर्षीचा गणवेशातला बँड यंदा पलीकडच्या मोठ्या चर्चने पळवला, आणि फादर बोनोमोंनी नाइलाजाने आम्हाला बोलावलं. अट एकच. हळू वाजवायचं, आणि त्यांनी मान हलवली तरच.

आमच्या बँडबद्दल तुला नीट कधी लिहिलंच नाही. आमच्यात सूर एकालाही कळत नाही. (कार्मेलो म्हणतो त्याला कळतो. तो मासे विकतो आणि तुतारी वाजवतो, आणि दोन्हीच्या वेळी शेजारी खिडक्या लावून घेतात.) असे हौशी वाजंत्री इथे फार पूर्वीपासून आहेत. झांजवाल्या वीतोचा सासरा जुन्या मैदानावर कपडे धुण्याचा टब बडवायचा. ते मैदान पाडलं, सासरा वारला, टब मात्र अजून वीतोच्या घरी आहे आणि त्यात कपडे धुतात. आमचा बँड सुरू झाला तो आमचा संघ सारखा हरत होता त्या वर्षी. टाळ्या वाजवायला काही घडतच नव्हतं, म्हणून वीतोने दोन झाकणं आणली. मी ढोल आणला. बाबांमागून गावच्या मिरवणुकीत तू आणि मी वाजवायचो, तसा.

आता आमचा रिवाज ऐक, कारण सगळा घोटाळा त्यातूनच झाला. पाहुण्या संघाचा गडी बाद झाला की त्याला मान खाली घालून आपल्या बाकापर्यंत चालत जावं लागतं. आम्ही त्याच्या पावलागणिक वाजवतो, डावा, उजवा, डावा, उजवा. तो बाकावर टेकला रे टेकला की ढोल आणि झांजा एकदम, धडाम! सगळं मैदान उसळतं. चतुर गडी मग बसतच नाहीत. पाणी पितात, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतात, बसल्यासारखं करून परत उठतात. मी काठी उगारून थांबतो. एक जण तर अख्खा डाव उभा राहिला. आम्ही विसरलो असं वाटून शेवटी टेकला बिचारा. दादा, वाट बघण्यात माझा हात धरणारा ब्रुकलिनमध्ये कोणी नाही.

हे वाट बघणं मैदानापुरतं राहिलं असतं तर बरं होतं. नुन्झियाताचं नाव मी मागच्या पत्रात ओझरतं लिहिलं होतं. टोप्यांच्या कारखान्यात शिवते, विधवा आहे, रोज पाव घ्यायला येते आणि दाराजवळच्या पिठाच्या पोत्यावर बसून घटकाभर बोलते. तिला लग्नाचं विचारायचं म्हणून मी दोन वर्षं योग्य वेळेची वाट बघत होतो. चर्चमधल्या सणाच्या मिस्सेनंतर विचारू, असं त्या दिवशी ठरवलंच होतं.

मिस्सा सुरू होण्याआधी सगळ्या बायकांच्या वतीने सान रोक्कोच्या मूर्तीपुढे फुलं ठेवायचा मान तिला मिळाला. नवी काळी टोपी घालून ती गेली, फुलं ठेवली, आणि मान खाली घालून परत आपल्या बाकाकडे चालू लागली. अगदी सावकाश. डावा, उजवा. मी हातात जपमाळ घेऊन प्रार्थना म्हणत होतो, देवाशपथ. ती बाकावर टेकली, आणि धडाम!

सवयीने हात उठले. माझा ढोल, वीतोच्या झांजा, दोन्ही एकदम. फादरांनी मानच काय, पापणीही हलवली नव्हती. मागून कोणीतरी "आउट!" म्हणून ओरडलं. फादरांनी तोंडाला रुमाल लावला आणि बराच वेळ काढला नाही. सान रोक्कोच्या पायाशी बसलेला तो लाकडी कुत्रासुद्धा माझ्याकडे बघत होता.

नुन्झियाता उठून उभी राहिली, आणि पूर्ण मिस्सा उभीच राहिली. प्रवचनातही. पुढच्या रविवारी ढोल नव्हता, नुसता मी होतो, तरी उभी. दुकानात आली, पोत्याकडे बघितलं, पाव घेतला, गेली. मी माफी मागितली, तर म्हणाली, "कशाबद्दल? मी कुठे बसलेय?" मीच बाद झाल्यासारखं वाटलं मला. कार्मेलो तर सोडायला तयार नाही. "अरे सावेरिओ, परक्या गड्यासाठी एक डाव थांबलास ते ठीक. हिच्यासाठी दोन वर्षं काठी उगारून बसलायस! हात नाही का दुखत तुझा?" मी रात्रंदिवस प्रार्थना केली. उत्तर काही आलं नाही. (आलं असेल, पण कार्मेलोच्या तोंडून आल्यामुळे मी ओळखलं नसेन.)

मग गेल्या शनिवारी मैदानावर बायकांचा दिवस होता, त्यांना जवळजवळ फुकट प्रवेश. पाहुण्यांचा एक गडी नुकताच बाद झाला होता, मी काठी उगारली होती, आणि आमच्या पुढच्याच रांगेत ती काळी टोपी येऊन उभी राहिली. गड्याच्या आणि माझ्या बरोबर मधे.

"ओ बाई, खाली बसा!" मागचे ओरडले.

"बसते की," ती वळून म्हणाली. "तो ढोलवाला आधी उठू दे."

अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. तिकडे गडी पाणी पीत उभा, इकडे ही उभी, आणि बसलेला मी एकटा. दादा, एवढ्या वर्षांत गडी बसायच्या आधी मी जागा सोडली नव्हती. सोडली. काठी कार्मेलोच्या हातात दिली, भुईमुगाची टरफलं तुडवत खाली गेलो, टोपी काढली आणि विचारलं, "नुन्झियाता, माझ्याशी लग्न करशील?"

तिने माझ्याकडे बघितलं. खुर्ची रुमालाने पुसली. आणि बसली.

काही वाजलं नाही. कार्मेलो काठी धरून पुतळ्यासारखा उभा, वीतोच्या झांजा हवेत. तेव्हा नुन्झियाता मान वळवून ओरडली, "वाजव की रे मेल्या! आता कशाची वाट बघतोस?"

सगळ्यांना आशीर्वाद, मुलांना पापे.

तुझा,
सावेरिओ

ता.क. – कार्मेलो बर्फाच्या पेट्या उचलणारा माणूस. त्याने असा काही टोला हाणला की ढोलाचं कातडं उभं फाटलं. लग्न नाताळाआधी आहे, आणि इथलं कातडं ढोलावर ओलसर वाजतं. तर तुझ्याकडचं शेळीचं एक चांगलं कमावलेलं कातडं ताबडतोब पाठव. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

दुसरा ता.क. – पत्र नुन्झियाताने वाचलं. ती म्हणते, बसले ते नवे बूट चावत होते म्हणून, तू विचारलं नसतंस तरी बसणारच होते. असेल. पण विचारलं मी आधी, ती बसली नंतर.