कोहळ्याला पहिली सुरी

माय, आज सकाळी न्हाणीच्या टिनावरचं कोहळं उतरवलं. देठ वाळला होता, सालीत नख जात नव्हतं. पिकल्याची ओळख तूच शिकवलेली. वेलही तुझ्याच बियांची, दरवर्षी राखेत घोळून ठेवलेल्या. तुझ्या वेळच्या शेजारच्या मावशी बसल्या होत्या. मी कोहळं ओट्यावर ठेवून सुरी घेतली तशा त्या म्हणाल्या, "थांब वं. तुझ्या मायनं एकदा चिरलं, मंग जनमभर सुरी नाही लावली." मी हसून विचारलं, "काऊन?" त्या म्हणाल्या, "तुले सांगितलंच नाही का तिनं? तुझ्यापयले एक पोरगा होता. आठ महिन्यांचा. तुझे बाबा उटनूरले गेलते, तिनं एकटीनंच कोहळं चिरलं. तिसऱ्या दिवशी तापात गेलं लेकरू."

त्याचं नाव त्यांना आठवलं नाही. साठीला आले मी, आणि आज कळतं की मी तुझी पहिली नव्हे.

बाबांनी घरातले उपास, नवस, अंगारे बंद केले तेव्हा तू एका शब्दानं आडवी आली नाहीस. सुटलं नाही ते एवढंच: सबंध कोहळ्याला पहिली सुरी गड्यानं लावायची, बाईनं नाही, कारण कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक. बाबा शाळेतून येईस्तोवर ते ओट्याखाली पडून असायचं. "आले बा तुमचे डाक्टर," म्हणत ते सुरी हातात घ्यायचे. प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा माणूस इथेच का गप्प बसायचा, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

आणि तो दिवस. मी बाळंतपणाला आलेली, सातवा महिना, मला कोहळ्याची गोड बोंडं हवी आहेत. बाबा येईस्तोवर थांब म्हणतेस. मी सुरी घालून दोन फाका करते. तुझा चेहरा उतरतो आणि मी, शिकलेली, म्हणते, "कोहळ्यानं कधी लेकरू मेलं का, माय?"

तू खाली वाकून सांडलेल्या बिया वेचत होतीस. म्हणालीस, "बिया फेकू नको." बोंडं तळलीस, मला वाढलीस, स्वतः एकही खाल्लं नाहीस. पुढे दोन महिने येता-जाता माझ्या पोटावर हात ठेवायचीस. मी त्याला नुसती माया समजले.

लेकरू तापानं गेलं, कोहळ्यानं नाही, हे मी आजही कोणालाही सांगेन. तुलाच सांगायला हवं होतं, चिडवून नव्हे, जवळ बसून. आता हा कागद बियांच्या डब्यात ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार.

दुपारी मंचेरियलहून मुलाचा फोन आला. रविवारी येतोय. "बोंडं केली का?"

"तू आला की चिरू."

"काऊन? तुले चिरता येत नाही का?"

सुरी बोथट झाली आहे, म्हटलं. माय, तिला कालच धार लावली होती.