डोंगराच्या पोटातला घन खडक

६ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. थोर माणसं लिहितात म्हणे.
काम हातात आलंय: डोंगराखालून पाण्याचा बोगदा जाणार, त्याच्या वाटेवरच्या थरांचा नकाशा. कृती सोपी. जमिनीवर लोखंडी प्लेट, तिच्यावर घण. हादऱ्याची लाट खाली जाते, थरांमधून फिरून वर येते, रांगेत रोवलेले जिओफोन ती टिपतात. कडक थरातून लाट धावते, मऊ थरातून रेंगाळते. बाकी सगळा अनुभव. तो माझ्याकडे आहे.

९ फेब्रुवारी
नकाशा तयार. वर माती, मग मुरूम, खाली थेट घन खडक. ज्युनियर बाईंनी शंका काढलीच. म्हणाल्या, "सर, कडक थराखाली मऊ थर दडला असेल तर आपल्या पद्धतीत तो दिसणार नाही. एक बोअर मारून बघू या का?"
सांगितलं, जे दिसत नाही ते नसतं. प्रेझेंटेशनची तारीख हलणार नाही. बाईंनी वही मिटली. पटलं असावं.

१२ फेब्रुवारी
प्रेझेंटेशन झकास. साहेब घड्याळाकडे बघून "ठीक" म्हणाले. एवढी स्तुती ते सहसा करत नाहीत.
बोगद्याचा फोरमन म्हणजे माझा मेहुणा. बायको म्हणाली, "माझा भाऊ आत असणार. नीट बघितलंत ना?" नवऱ्यावर एवढाही भरवसा नाही!

३ मार्च, सकाळ
मेहुण्याचा आतून फोन. "भाऊजी, ड्रिलचा रॉड लोण्यात सुरी जावी तसा घुसला. गढूळ पाणी येतंय."
म्हटलं, भेग असेल, निर्धास्त पुढे जा. त्याने फोन ठेवला. समाधान झालं असणार.

३ मार्च, दुपार
बोगद्याचं छत बसलं. मेहुणा आणि त्याची माणसं पलीकडे अडकली. फोन बंद.
डोंगरावर आलोय. जिओफोन रोवलेत. आतून कुणी खडकावर ठोकलं तर कळेल. कल्पना बाईंची. मीही तेच म्हणणार होतो. बायको येऊन उभी आहे, माझ्यापासून चार पावलं लांब. पडद्यावर सपाट रेघ.

नंतर
ठोके आले! एका लयीत! ओरडलो, "जिवंत आहेत!" बायको मटकन खाली बसली, रडायला लागली. इथेच बोअर मारा म्हणून हुकूम सोडला. मशीन जागेवर आलं.
बाई पडद्याकडे, मग माझ्या बुटांकडे बघत म्हणाल्या, "सर, जरा पाय हलवू नका."
पाय थांबवला. रेघ सपाट.
बायकोचं रडणं थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, वाराही असेल. बाईंनी मशीन थांबवायला सांगितलं.

३ मार्च, संध्याकाळ
सुटले! सगळे! डोंगराच्या मागच्या अंगाला हवेसाठी खणलेलं उभं भुयार आहे (गडबडीत आठवलंच नाही), गुडघाभर गाळ तुडवत तिथवर पोचले आणि शिडीने वर आले. चिखलाचे पुतळे. बायको धावत जाऊन भावाच्या गळ्यात पडली. मी जरा मागे उभा.
मेहुण्याला म्हटलं, माझा सल्ला वेळेवर मिळाला ना? तो म्हणाला, "तुम्ही निर्धास्त म्हणालात, तेव्हाच काय ते समजलो. माणसं लगेच शिडीकडे नेली."
म्हणजे एका अर्थी उपयोग झालाच.

८ मार्च
बाईंनी बोअर घेतला. कडक थर पापडासारखा पातळ, खाली भिजलेली चिकणमाती. रिपोर्टमध्ये 'पद्धतीची मर्यादा' असं लिहावं म्हणतो. साहेबांनी रिपोर्ट बाईंकडून मागवला आहे. माझ्यावरचा ताण कमी करायचा असेल.

१० मार्च
मेहुणा घरी आला. भांडेल म्हणून उत्तरं पाठ करून ठेवली होती. तो पाणी प्यायला आणि एवढंच म्हणाला, "भाऊजी, माहीत नसेल तिथे तसं लिहीत जा. आम्ही तिथे जपून जातो." मग बहिणीशी गप्पा मारत बसला. पाठांतर वाया.
तो गेल्यावर नकाशा काढला. 'घन खडक' खोडलं, तिथे 'माहीत नाही' लिहिलं. अक्षर नीट आलं नाही.
बायकोने मागून वाचलं. म्हणाली, "आणि बाकीच्या डोंगराखाली?"
तिथेही लिहिलं.