मज्जातंतूंची उजळणी

सांगली, ४ फेब्रुवारी १९४६
मेढ्याहून आले, संसार मांडला. घरमालकीण सुलाबाईंची पुढची खोली भाड्यानं, मागे चूल, दारात औदुंबर. म्हणजे दत्तमहाराज सोबतीला. यांची डॉक्टरीची परीक्षा एप्रिलात. दिव्याचं तेल वाचावं म्हणून उजळणी दिवसाउजेडी. वरण शिजेस्तोवर मी पुस्तकातून प्रश्न विचारते, हे उत्तरं देतात. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीला हसतात, पण उत्तर चुकलं की मुकाट्यानं स्वतःचे कान धरतात.

७ फेब्रुवारी, गुरुवार
दत्ताचा नैवेद्य कुत्र्याला घातल्याशिवाय मी जेवत नाही. आज दारचा कुत्रा घास घेईना. जबडा लोंबतो, लाळ गळते. सुलाबाई यांना म्हणाल्या, "आवं, हाड अडकलंय त्येच्या नरड्यात. डाक्टर हायसा न्हवं? माणसांच्या आदी कुत्र्यावर हात बसवा." यांनी हसत बोटं घशात घातली. हाड नव्हतंच. दात जरासा लागला, मी हळद दाबली. कुत्रा कुठं गेला कळलं नाही.

२० मार्च
मेंदू झाला, मज्जारज्जू झाला. यांच्या बोटाला मुंग्या येतात. म्हणतात, लिहून लिहून नस दमली.

२३ मार्च
शेवटाला ठेवलेलं प्रतिकारशक्तीचं प्रकरण घेतलं. लस म्हणजे शरीराला शत्रूची आधीच करून दिलेली ओळख. मी विचारलं, कुत्रा पिसाळलेला असेल तर चावल्याबरोबर लस का टोचायची? म्हणाले, विष नसेतून सावकाश मेंदूकडे चढतं, ते पोचायच्या आत शरीर तयार व्हावं लागतं. मग पुढचं स्वतःच वाचू लागले: असा कुत्रा अंगावर येतोच असं नाही, कधी नुसता जबडा लोंबतो, हाड अडकल्यासारखा —
बोटाकडे बघत राहिले. तव्यावरची भाकरी करपली. विष पोचल्यावर काय, हे मी विचारलं. यांनी पुस्तक मिटलं.

२४ मार्च
मोठे डॉक्टर येऊन गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. आता सुईचा उपयोग नाही, हे यांनीच मला समजावून सांगितलं.

२५ मार्च
तहान आहे, पण तांब्या दिसला की घसा आवळतो. वाराही सोसवत नाही. मधेच अगदी शहाण्यासारखं बोलतात. म्हणाले, बाहेरून कडी लाव, मी काही म्हटलं तरी काढू नकोस, माझी लाळ पुसू नकोस. दत्ताची शपथ घातली. त्याच महाराजांची —

२६ मार्च
आत उत्तरं म्हणतायत. प्रश्न कुणी विचारत नाही तरी —

थांबले. माझ्या माहेरच्या नावानं हाक मारतायत. सासरी कुणीच मारत नाही त्या नावानं. म्हणतात, पाणी दे, पिईन मी आता. आवाज अगदी पहिल्यासारखा —
तांब्या भरलाय. कडी —