बिगर कांद्याची भेळ

अप्पा, तुमचा नातू आता जर्मनीत असतो. फोन ठेवताना रोज 'मिस यू आई' म्हणतो, तेही 'चल, ठेवतो' म्हणावं तितक्याच घाईत. मला त्याचा रागच यायचा. काल मात्र ते म्हणताना तो रडवेला झाला. आणि मी काय म्हणावं? 'जेवलास का?' म्हणाले नि फोन ठेवून दिला. तेव्हापासून तुमचा तो इंग्रजीचा तास आठवतोय. अशा वेळी काय बोलायचं, ते आपल्या घरात एकट्या तुम्हालाच जमलं होतं, आणि तुम्हालाही काही पटकन जमलं नव्हतं म्हणा.

मिरजगावच्या शाळेत मी नववीत, तुमच्याच वर्गात. घरी अप्पा, शाळेत सर. आई जाऊन जेमतेम महिना झालेला. तुम्ही फळ्यावर 'मिस' हे क्रियापद लिहिता आणि मागच्या बाकावर पेंगणाऱ्या एकाला खडू फेकून मारता. खडू थेट खिडकीबाहेर. 'हा मिस. जुन्या इंग्रजीत अर्थ एवढाच, नेम चुकणं. जर्मनांकडेही याचा भाऊबंद सापडतो. पुढे हा नेमावरून एसटीवर आला. कर्जतची गाडी चुकली, तोही मिसच.' वर्ग हसतो. मग तुम्ही तीनचा आकडा काढता, थांबता, डस्टर फिरवून म्हणता, 'तिसरा अर्थ उद्या.' तो उद्या काही येईना. पोरं विचारायची, 'सर, तिसरा ऱ्हायला की.' तुम्ही म्हणायचात, 'होईल, घाई काय आहे?' मला तो अर्थ ठाऊक होता. घरी आपण दोघंही आईबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. तुम्ही भाकरी थापायचात, मी करपलेली बाजू खाली करून ताटात घ्यायची.

आई होती तेव्हा बाजारच्या दिवशी आपण तिघं स्टँडजवळ भेळ खायचो. भेळ सांगायचं काम आईचं, तुम्ही सायकल धरून कुणाशी तरी गप्पा हाणत उभे. कच्च्या कांद्यानं आईला पित्त व्हायचं, म्हणून तिची बिगर कांद्याची. ती गेल्यावर आपण पहिल्यांदा तिथं गेलो, तेव्हा भेळवाल्यानं चाचरतच विचारलं, 'मास्तर, दोनच करू ना?' 'दोन,' तुम्ही म्हणालात, 'एक बिगर कांद्याची.' त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. 'व्हय काका, बिगर कांद्याची.' तुम्ही त्या भेळेचा कागद माझ्या हातात दिलात, आपला घास तसाच धरून राहिलात आणि म्हणालात, 'चुकल्या-चुकल्यासारखं होतंय गं.' आई गेल्यावर तिच्याबद्दल तुमच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. मी भररस्त्यात रडले. तुम्ही 'रडू नको' म्हणाला नाहीत. फार बरं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी तिसरा अर्थ झाला. 'नेम चुकतो, गाडी चुकते, आणि आपलं माणूस नसलं की चुकल्या-चुकल्यासारखं होतं. इंग्रज याच वाटेनं गेले, आपणही.' मागून एक पोरगी उठली, 'सर, म्हस इकल्यापासनं आमच्या आज्जीला तसंच हुतंय.' सगळे फिदीफिदी हसले. तुम्ही नाही हसलात. 'बरोबर,' म्हणालात, 'बस खाली.' त्यानंतर तुम्ही होतात तोवर दर बाजारी आपल्या दोन भेळ, त्यातली एक बिगर कांद्याची.

मघाशी मीच पोराला फोन लावला. 'तू नाहीस तर चुकल्या-चुकल्यासारखं होतं रे,' एवढंच म्हणाले. तो म्हणाला, 'मलापण, आई.' आणि फोन ठेवायची घाई केली नाही.

हे पत्र कुठं टाकणार? राहील माझ्याच कपाटात. पण एक सांगायचं राहिलं, अप्पा. मला कांदा फार आवडायचा. आई असताना मी भेळवाल्याकडून वरून मूठभर मागून घ्यायची, म्हणून तर त्यानं तसं बघितलं. तुम्ही आईची भेळ मागायचं थांबवू नये, म्हणून मी कधी बोलले नाही.