तिसरीचं नाव

४ फेब्रु., बुध.
सकाळी वहिनी बाळंत झाली. मुलगी. दोघी ठीक. परभणीच्या दवाखान्यातून शिवाचा फोन, आवाज असा की मला वाटलं काही वाईटच झालं. "अक्का, मुलगीच झाली." मी म्हणलं, मुलगी झाली म्हण, बाप झालास तिसऱ्यांदा, नीट बोल. तर म्हणे फोन आईला दे.
आई म्हणाली, "असू दे, महादेवाची मर्जी," आणि पुन्हा हरभरा निवडायला बसली.
पेढे मीच आणले. शिवाच्या मोठ्या दोघी, गौरी आणि वीणा, खूश. अर्ज-दाखल्यांचं दुकान अकराला उघडलं. सातबारावाले ताटकळले होते, मी म्हणलं भाची झालीय, थोडं थांबा, आणि त्यांनाही पेढा दिला.

६ फेब्रु., शुक्र.
वहिनी आणि बाळ सेलूला घरी आले. बाळाला जावळ भरपूर, रडणं त्याहून भरपूर. बरंय.
चहा संपायच्या आत नाव ठरलं. तृप्ती. आईनं सुचवलं, शिवानं मान हलवली. "तृप्ती म्हंजे समाधान. आता पोट भरलं, आता मुलगा दे, असं देवाला सांगायचं." बारसं १८ला. बारावा दिवस शिवरात्रीला येतो, त्याच्यामागं अमावस्या. आणि मला हुकूम: "तू आत्या. तूच कानात सांगायचं."
मी विचारलं, मोठ्या दोघींच्या वेळेस का नाही आठवलं हे नाव? तेव्हा समाधान नव्हतं का?
आई: "लय चांगलं नाव हाय. तुझ्यासारखं तर ठेवलं न्हाई ना."
माझ्यासारखं म्हणजे नकुसा. सुमनताई, विमलताई, मग मी तिसरी. नको होते म्हणून नकुसा, म्हणजे देवाला लाज वाटून त्यानं पुढचा मुलगा धाडावा. त्यानं शिवाला धाडला. नाव लागू पडलं, असं अजून पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, माझ्यासमोर. शिवा मात्र मला नावानं कधी हाक मारत नाही. अक्का म्हणतो. त्याला वाटतं तेवढ्यानं भागतं.
तृप्ती काय नि नकुसा काय. एकच माल, एकाला जरीचं कापड गुंडाळलेलं. माझं निदान उघड तरी होतं.

७ फेब्रु., शनि.
दुकानात दिवसभर गर्दी. त्यात एक पोरगी, लग्नानंतरचं नाव गॅझेटात द्यायचं. नवरा शेजारी उभा राहून स्पेलिंग सांगायलाय, ती गप्प. मी मुद्दाम दोनदा तिलाच विचारलं, बाई, हे नाव तुला चालतं ना? तिनं नवऱ्याकडं बघितलं. मग मान हलवली.
जाताना नवऱ्यानं माझ्या परवान्यावरचं नाव वाचलं. "ताई, फॉर्म तर तुमच्याच हातात. तुमचं का बदलून घेत न्हाई?"
हे मला महिन्यातून एकदा कुणीतरी विचारतंच. म्हणलं, ज्यांनी ठेवलं त्यांना म्हातारपणापर्यंत ऐकू दे. मी बदललं की ते सुटले.

८ फेब्रु., रवि.
गौरीची दहावी. २०ला मराठीचा पेपर आणि ही माडीवर मोबाईलमध्ये चिनी मालिका बघायली, हिंदी आवाजातली. मी कान धरायला गेले तर वहीचं मागलं पान पुढं केलं. चिनी मुलींची नावं आणि अर्थ. मेइ म्हणजे कडाक्याच्या थंडीत फुलणारं फूल. श्वे म्हणजे बर्फ. जिंग म्हणजे शांत. म्हणे तिकडं नावांची ठरलेली यादी नसते, आवडती अक्षरं घ्यायची आणि जुळवायची, आईबापाची मर्जी.
मी म्हणलं, मग तर छानच असतील सगळी.
"खाली वाच."
खाली वेगळ्या शाईत: झाओदी, भावाला बोलावून आण. लायदी, भावा ये. पानदी, भावाची आस.
मी जिन्यातच बसले. एवढा मोठा देश, मधे हिमालय, आणि तिकडंही कुणी माझ्याच आईसारखं पाळण्यापाशी उभं राहून हेच म्हणालं. गौरी म्हणाली, "आत्या, आता तिकडं लय जणी बदलून घ्यायल्यात म्हणे." मी अभ्यास कर म्हणलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग वही मिटली.

१० फेब्रु., मंगळ.
सांगून टाकलं. मी तृप्ती म्हणणार नाही. कानात नाही, मोठ्यानं नाही.
शिवा जेवत होता. "जगात किती तृप्त्या हायत, सगळ्यांच्या आईबापानं नको म्हणून ठेवलं का?"
म्हणलं, त्यांचं त्यांना ठाऊक. आपल्या घरात काय म्हणून ठेवतायत ते मी माझ्या कानानं ऐकलंय.
"मग तुझ्या मनात काय हाय?"
आणि इथं माझी फजिती. माझ्याकडं नावच नव्हतं. नुसता नकार होता.
आई म्हणाली, सुमनला बोलवा उदगीरहून. ती पण आत्याच हाय.

११ फेब्रु., बुध.
सुमनताईचा फोन. मला वाटलं ही तरी समजून घेईल. शाळेत पोरं "नको नको" करून माझ्या मागं लागायची, तेव्हा हीच दगड घेऊन धावायची.
"नकू, तू राहतीस त्यांच्यात. कशाला परेशानी? मी येते, मी सांगते कानात. दोन मिनिटाचं काम."
फोन ठेवला आणि हमसून रडले, खोटं कशाला लिहू. दुकानाचं शटर अर्धं ओढून.
रात्री जेवताना शिवा बोललाच. "तुला घरात ठेवलंय, त्याचं तरी बघ."
मी हात धुऊन आले आणि शांतपणे सांगितलं. ठेवलं बिवलं काही नाही. दोघी बहिणींनी हक्कसोड दिली, मी दिलेली नाही. सातबारा, नमुना आठ, सगळ्यावर नकुसा आहे, जाऊन वाच. वडील गेल्यावर तूच नोंद केलीस.
वीणा ताटावरून उठून आत गेली. तेवढं वाईट वाटलं.

१३ फेब्रु., शुक्र.
आता हट्टाला पेटले. नाव शोधायचं, असं की ऐकून सगळे गप्प बसले पाहिजेत. गौरीला म्हणलं, तुझ्या वहीत एखादं पोलादी नाव बघ, अर्थ आपण मराठीत घेऊ.
तिनं काढलं: शेंगनान. पोरापेक्षा सरस. तिकडं लय जणींचं असतं म्हणे.
मी खूश. म्हणलं हेच. सरसा, विजया, असलं काही करू. बारशात पाळण्यापाशी उभी राहून अर्थासकट सांगते.
गौरी पेन चावत बसली होती. "पण आत्या, त्यात पण पोरगा हायच की. ती काई बी करू दे, मापाला पोरगाच."
पंधरा वर्षांची पोर. मी दुकानात रोज शंभर नावं टाईप करते, मला सुचलं नाही हे. तिला म्हणलं, मराठीच्या पेपरात असंच लिही. वहीतलं ते पान तिनं फाडलं, मी फाडू दिलं.

१५ फेब्रु., रवि.
शिवरात्र. सगळे मंदिरात, रांग चौकापर्यंत. घरात मी, वहिनी, बाळ. बाळंतिणीच्या खोलीत ओवा आणि शेपाची धुरी. वहिनीला उपवास नाही, तिला डिंकाचा लाडू नेऊन दिला.
बाळाला मांडीवर घेऊन बसले तेव्हा कुठं डोक्यात आलं. नऊ दिवस या घरात नावावरून भांडण चाललंय. आई, शिवा, मी, सुमनताई, चीनसुद्धा येऊन गेला. जिच्या पोटातून आली तिला कुणी विचारलंच नाही. मीही नाही. दुकानात परक्या बायकांना दोनदा विचारते.
म्हणलं, वहिनी, तुझ्या मनात काय आहे?
तिनं हातातला लाडू खाली ठेवला. "वन्सं, तुमाला हसू येईल."
"नाही येणार."
"भागीरथी."
हे तिचं नाव. येलदरीला धरणाच्या वसाहतीत वाढली ती भागीरथी म्हणून. इथं लग्नात ताटातल्या तांदळात शिवानं अंगठीनं प्रणिता लिहिलं. जुनाट वाटत होतं म्हणे आमच्या आईला. मी तिथंच करवली होते, टाळ्या वाजवल्या.
"आईवडील गेले. भाऊ ताई म्हणतो. सतरा वर्षं झाली, त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं न्हाई. नाव नुसतं पडून हाय माझं. तिला दिलं तर कामाला येईल."
अर्थ विचारला तर म्हणाली, नीट ठाऊक नाही, गंगेचं हाय ना ते? "आमच्या आत्यानं ठेवलेलं. पहिलीच मुलगी म्हणून दोन दिवस चालत आली होती गावावरून, एवढं ठाऊक हाय."
मलाही लग्नात तांदळात नाव मिळालं होतं. अश्विनी. चौदा महिने अश्विनी होते. माहेरी परत आले तेव्हा ते तिथंच राहिलं आणि मला त्याची कधी आठवणसुद्धा आली नाही. वहिनीचं तसं नाही. तिचं तिला हवं आहे.
मी अर्थ शोधत बसले होते. कुणीतरी हौसेनं ठेवलेलं नाव या घरात सतरा वर्षं स्वैपाक करत होतं.
वहिनीला म्हणलं, मी आहे.

१७ फेब्रु., मंगळ.
सुमनताई आली, कुंची आणि चांदीचा वाळा घेऊन. माझ्याशी नीट बोलली, मीच बोलले नाही. आईनं उद्यासाठी हरभरे भिजत घातले. घरात सगळे एकमेकांना जपून चालायलेत.

१८ फेब्रु., बुध.
बारसं झालं.
बायका जमल्या, पाळणा सजवला. सकाळी मठाचे स्वामी येऊन बाळाला लिंग बांधून, लिंगधारणा करून गेले होते. सुमनताई पाळण्यापाशी उभी. वहिनीनं बाळ द्यायचं आणि हिनं कुर्रर्र करून नाव सांगायचं, ठरलेलं.
वहिनीनं बाळ दिलंच नाही. छातीशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "नाव धाकट्या वन्सं ठेवतील."
ही बाई सतरा वर्षांत सासूपुढं मोठ्यानं बोललेली मी ऐकलेली नाही. आई म्हणाली, सुमन ठेवणार हाय. वहिनी पुन्हा तेच म्हणाली, तेवढ्याच आवाजात. सुमनताईनं माझ्याकडं बघितलं आणि बाजूला झाली. का झाली ते विचारायचंय तिला.
मी वाकले. त्या चिमुकल्या कानात आधी नुसतं सांगितलं, कुणाला ऐकू जाणार नाही असं. मग कुर्रर्र आणि मोठ्यानं, भागीरथी. चारी बाजूंनी पाठीत धपाटे. एक लय जोराचा होता, तो सुमनताईचा असणार.
आई उठून आत गेली. घुगऱ्या मीच वाटल्या, एकेकीच्या ओटीत ओंजळ आणि नाव, ओंजळ आणि नाव. भागीरथी, भागीरथीच्या घुगऱ्या. पंचवीस बायकांनी ऐकलं, आता घेऊन दाखवा परत.
संध्याकाळी शिवा: "कागदावर तृप्तीच जाणार. मी बाप हाय."

२० फेब्रु., शुक्र.
गौरीचा पेपर चांगला गेला. आई माझ्याशी बोलत नाही, बाळाला तृप्ती म्हणते, मुद्दाम मला ऐकू येईल असं. वीणा भागू म्हणते. सुमनताई काल गेली. स्टँडवर सोडायला गेले, तेव्हा विचारलं. "तिचं तोंड बघितलं आणि मला जमंना गं," एवढंच म्हणाली आणि गाडीत चढली. मीही मग खिडकीपाशी उभी राहिले गाडी सुटेपर्यंत.
जन्मदाखल्यात भागीरथी नाव घालायचा अर्ज काढला. वहिनीनं सही केली. प्रणिता अशीच करावी लागली. नगरपरिषदेतला बाबू म्हणतो, वडलांची सही पण आणा, नाहीतर उद्या तक्रार व्हायची.

२३ फेब्रु., सोम.
दुपारी शिवा दुकानात आला. तो कधी येत नाही. स्टुलावर बसला. "अक्का, दाखल्याचा अर्ज काढ. नवा."
काढला. त्याचं नाव टाकलं, वहिनीचं टाकलं, तारीख टाकली. बाळाच्या नावापाशी थांबले. म्हणलं, सांग.
"तुला ठाऊक हाय."
"तुझ्या तोंडानं सांग. तृप्ती म्हण, मी तृप्ती टाईप करते, बोट अडखळायचं नाही. पण मला नावानं हाक मार आणि मग सांग."
मागं दोघं उभे होते, उत्पन्नाच्या दाखल्याला. त्यांनी मोबाईल काढले. शिवा टेबलावरच्या स्टॅम्पपॅडचं झाकण उघडायला लागला, लावायला लागला. मग खालीच बघत म्हणाला, "तुला लय लागायचं का गं? शाळेत, कुठं."
इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटायचं हा प्रश्न आला की मी त्याला सोलून काढीन. तसं काही झालं नाही. म्हणलं, हो. लय लागायचं. अजून लागतं.
तो उठला. अर्ज तसाच छापून त्याच्या हातात दिला, नावाची जागा कोरी. घडी करून खिशात घातला आणि गेला.
दिवेलागणीला घरी आले तर तो पाळण्यापाशी, दोरी हातात. वहिनी उंबऱ्यात बसून बाळाचे कपडे घड्या करत होती.
आतून आईनं विचारलं, "तृप्ती झोपली का रं?"
त्यानं दोरी ओढली, सोडली. पुन्हा ओढली.
"पोरगी झोपलीय," म्हणाला.
वहिनीचा हात घडीवर थांबला. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. कोऱ्या अर्जाची घडी अजून त्याच्या खिशातच होती.