मोराच्या तुऱ्याला गंज

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळपासनं नुसता किर्र आवाज. नातीनं ग्राइंडर लावलाय. शेळी दावं तोडून उसात शिरली, ती दुपारी घावली. संस्कृती म्हणती, "आजी, होईल शेळीला सवय." मला न्हाय होणार, त्याचं काय?

आयटीआयला वेल्डिंग शिकून आलीय. पहिलंच काम – पिंपळीच्या विहीणबाईंचं गेट. मंदाकिनीबाई, माझ्या सुप्रियाच्या सासू. बाई कुणाच्याबी घरी गेली तरी आधी फळीवर बोट फिरवून धूळ बघती. त्यांना गेटवर पत्र्याचं मोर पायजेत. आन् मोरांचं तुरं सोनेरी.

युवराज, माझा ल्योक, पोरीला म्हणाला, "गेट नीट झालं तर शेड तुझी. न्हायतर खंडेनवमीला मी ट्रॅक्टर आत घेणार." ट्रॅक्टरवर त्याचा पोरीइतकाच जीव हाय. जरा जास्तच.

११ सप्टेंबर

मोर कापून, गेटला जोडून झालं. भिंतीला उभं केलंय. एक मोर बदकावानी दिसतो. मी बोलले न्हाय. म्हंजे बोलले, पण हळू.

पोरगी सांगत हुती – पत्रा कापला की त्याची कड उघडी पडती. तिला त्याच दिवशी लाल प्रायमर लागला पायजे, न्हायतर ह्या दमट हवंत सकाळी गंज धरतो. आन् बघती तर डबा रिकामा! गाडी काढून इंदापूरला पळाली. जाताना म्हणती, "आजी, गेटला हात लावू नको."

मी कशाला लावती.

लावला. आभाळ भरून आलं, पोरीचा पत्ता न्हाय. कोयत्याला धार लावली की वरनं तेलाचं बोट फिरवायचं, हे काय मला कुणी शिकवायचं? करडईचं तेल घेतलं, चिंधी घेतली, हात पोचंल तितं सगळ्या कडा पुसून काढल्या.

१२ सप्टेंबर

कडा लखलखीत. पोरगी खूश. "बघ आजी, रातभर उघड्या राहिल्या तरी गंज न्हाय."

मी म्हणलं, "देवाची कृपा."

लाल मारलं, ते वाळल्यावर काळं. तुऱ्यांना सोनेरी. आता बदकसुदिक मोरावानी दिसतंय.

१६ सप्टेंबर

गेट पिंपळीला बसलं. विहीणबाईंनी बोट फिरवलं. म्हणाल्या, "बरंय." त्यांच्या तोंडनं 'बरंय' म्हंजे आमी फटाकं वाजवायला पायजेत.

२४ सप्टेंबर

पिंपळीचा फोन. मोरांच्या कडंचा रंग पापडावानी सुटला. तुरं तर गंजून पार तांबडं झालं. विहीणबाई युवराजला म्हणाल्या, "पोरीला अजून थोडं शिकू द्या."

युवराजनं नुसतं ट्रॅक्टरचं तोंड शेडकडं करून ठेवलं.

पोरगी पिंपळीला जाऊन रंगाचा पोपडा घेऊन आली. उलटा करून बघती, हुंगती, परत बघती. "खाली तेलकट असल्याबिगर असं सुटत न्हाय. पण मी तर तेल आणलंच न्हाय." मग म्हणाली, "माझं कुठं चुकलं तेच मला कळत न्हाय आजी. मग दुसऱ्याचं काम कसं घेऊ?"

मी शेळीला पाणी दाखवाय गेले.

२५ सप्टेंबर

शेळी लई पाणी प्याली आज. दर घटकेला तिच्याकडंच हुते.

कळस गावच्या एका बाईनं खिडकीची जाळी करशील का म्हणून फोन केला. पोरगी न्हाय म्हणाली. आन् ग्राइंडर पोत्यात गुंडाळून ठेवला.

आवाज नसला की घरात डोकं दुखतं.

२६ सप्टेंबर

सांगून टाकलं. "तेल मी लावलं."

आधी तिला खरंच वाटंना. मग म्हणती, "आजी, धारंला तेल लावत्यात. रंगाखाली न्हाय!" दिवसभर बोलली न्हाय. संध्याकाळी कोरड्यास वाढताना विचारलं, "तुला वाढू?" तर म्हणती, "तेल कमी हाय ना त्यात?" म्हणजे मिटलं.

युवराज मातर अडून बसला. "आई, मला सांगून काय उपेग? नाव पिंपळीत गेलं. तितं सांगा."

आता मी विहीणबाईंपुढं पडतं घेऊ? सुप्रियाच्या लग्नात वरण आळणी हुतं, ते मी अजून कबूल केलेलं न्हाय.

२८ सप्टेंबर, रविवार

गेले. उंबऱ्यातच बोलले, बसल्यावर धीर झाला नसता. "विहीणबाई, पोरीचं काम चोख हुतं. प्रायमरच्या आधी तेल मी लावलं, म्हणून रंग सुटला."

आता बाई अख्ख्या पिंपळीत सांगणार, असं वाटलं. तर बाईंनी पदर सारखा केला आन् म्हणाल्या, "असू द्या ठमाबाई. होतं आपल्या हातून."

असू द्या? मंदाकिनीबाई? चहात साखरबी सढळ. मलाच घाम फुटला.

बरोबर आलेली पोरगी गेट घासाय बसली. कडा खरवडल्या, थिनरनं पुसल्या, परत प्रायमर. मधीच थांबली. "आजी, गेट उभं असताना तुरं लई वर हुतं. तुझा हात तितं पोचला?"

"पोचला."

न्हाय पोचला. पण कबूलच करायचं तर अर्धं कशाला? पोरीच्या डोक्यात शंका ठेवायची न्हवती.

विहीणबाई म्हणाल्या, "पोरीला ऊन लागतंय, सरबत आणते." सुप्रिया तोंडाला पदर लावून आत पळाली. हिला काय झालं?

३० सप्टेंबर

युवराज स्वतः पिंपळीला जाऊन कडंवर नख मारून आला. येताना तोंड पाडून आला, म्हंजे रंग धरलाय.

पोरीनं कळसला फोन केला. जाळी करणार हाय.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

शेडमधी ग्राइंडरला हळदीकुंकू लागलं. ट्रॅक्टर भाईर.

आत्ता सुप्रियाचा फोन. "आई, कुणाला सांगू नको. घट बसायच्या आदल्या दिवशी देवाची भांडी घासताना सासूबाईंनी गेटचं तुरंबी घासलं. सोनेरी म्हंजे पितळ, म्हणून चिंच-मीठ लावून!"

कुणाला सांगत न्हाय. उद्या विहीणबाई सोनं द्यायला येणार. पुरणपोळी वाढीन. आन् ताटात डाव्या बाजूला, लिंबाच्या जागी – चिंच आन् मीठ.