भिंतीवरचे हात

१४ मार्च

चि. ठमीस,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, निदान गुरुवारपर्यंत तरी होतो.

पत्र बघून हसशील. हातात फोन असताना आईला पोस्टाची हौस कुठून आली, असं म्हणशील. फोनवर बोललेलं तू साठवून ठेवतेस, म्हणून लिहितेय. अक्षर वाकडं आलंय, ते लावून वाच.

घरचं सांगायचं तर स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. तुझ्या बाबांनी तो आधी स्वतः दुरुस्त केला होता, त्यामुळे प्लंबरला जरा जास्त वेळ लागला. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा कोट मी उसवून पुन्हा शिवला. एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब झाली होती. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. कापडच निसरडं होतं.

बरं, नळ आणि कोट पुरे झाले. गुरुवारी मी तुझ्या शहरात येऊन गेले, तुला न सांगता. तू म्हणाली होतीस, "आई, एवढी दगदग करू नकोस, मी तुला लिंक पाठवते." लिंक काही आली नाही. म्हटलं, लेकीचं एवढं मोठं प्रदर्शन, पेपरात नाव आलेलं, आणि आपण घरात काजं करत बसायचं? सकाळच्या गाडीने आले, संध्याकाळच्या गाडीने परत. तुझ्या बाबांना सांगितलं, अस्तराचं कापड आणायला जाते.

दाराशी तुझी माहिती लावली होती, ती मी उभ्याने सगळी वाचली. दुकानांच्या हलत्या जाहिराती करण्यापासून सुरुवात, मग त्या फुटक्या स्क्रीनवरच्या आकृत्या, ज्या बघून बाबांनी तुला नवा कॉम्प्युटर घेऊन देऊ का विचारलं होतं, मग ते बक्षीस. खाली लिहिलं होतं की हे काम आईच्या व्हिडिओ कॉलमधून केलंय, त्यात ही कलावंत आईचा चेहरा कधीच दाखवत नाही, चित्र तिरकं येवो की आवाज तुटो, काही सुधारत नाही, आणि हीच तिची शैली. मला हसूच आलं. चेहरा दिसत नाही कारण मला फोन धरून बोलायला फुरसत नसते. शिवता शिवता बोलायचं म्हणून मी तो दोऱ्यांच्या डब्याला टेकवते आणि तुला नुसते हात दिसतात. आधी तू किती ओरडायचीस, "आई, फोन वर कर ना, तू आहेस कुठे?" मग ओरडायची थांबलीस. मला वाटलं, कंटाळलीस. माझ्या गबाळेपणाची पोरीने शैली केली, हे वाचून मी अगदी फुशारून गेले.

मग आत गेले.

अंधाऱ्या खोलीत भिंतभर माझे हात होते. खिडकीएवढे चौकोन ओळीने लावलेले, आणि प्रत्येकात मी सुई ओवतेय. माझी अंगठी, अंगठ्यावरचा इस्त्रीने भाजल्याचा डाग, सगळं माझं. पहिल्या चौकोनात दोरा एका फटक्यात आत गेला. पुढच्यात दुसऱ्या खेपेला. मी भिंतीच्या कडेने चालत गेले, तसतसा दोरा सुईच्या आजूबाजूलाच फिरायला लागला. शेवटच्या चौकोनात हात नुसते थरथरतात, दोरा आत जातच नाही, आणि तुझा आवाज येतो, "आई, पुन्हा एकदा कर ना."

हल्ली प्रत्येक फोनवर तू मला सुई ओवायला लावायचीस. मला वाटायचं, लेकीला घरची आठवण येते.

शेजारी एक बाई उभ्या होत्या. त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "हा कंपवात आहे. आमच्या आत्यांचं असंच सुरू झालं होतं. बिचारीला माहीत तरी असेल का?" मी माझे हात कोटाच्या खिशात घातले. बाहेर कशी आले, गाडी कशी पकडली, मला सांगता येणार नाही. मी सुयांच्या दुकानदाराशी भांडले होते, चष्मा बदलला होता, दिव्याला नावं ठेवली होती. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

घरी येऊन बाबांना विचारलं, "माझे हात हलतात का हो?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "मला वाटलं, तुला माहितीये आणि तुला त्याबद्दल बोलायचं नाहीये."

सकाळी उठते तेव्हा सुईदाणीतल्या सुया ओवलेल्या असतात. मी समजायचे, आदल्या दिवशी मीच ओवून ठेवल्या. त्या ते ओवतात, मी उठायच्या आत.

ठमे, माझा अजून विश्वास बसत नाही. हात हलतात यावर बसतो, ते मी भिंतीवर बघितलं. तुम्हा दोघांना ठाऊक होतं यावर बसत नाही. ते गप्प राहिले आणि सुया ओवत राहिले. तू गप्प राहिलीस आणि मला पुन्हा ओवायला लावलंस. मला दोघांचाही राग आलाय, तुझा जास्त. माझे हात तू सगळ्यांना दाखवलेस, मला सोडून. काम मात्र चांगलं झालंय, त्यात खोटं बोलणार नाही. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते हात दुसऱ्या कुणाचे असते तर मीही रडले असते.

एकच विचारते. "पुन्हा एकदा कर ना" म्हणालीस, तेव्हा तुला तुझं काम पुरं करायचं होतं, की या खेपेला तरी दोरा आत जाईल असं वाटत होतं? उत्तर फोनवर नको. समोर बसून दे.

मंगळवारी डॉक्टरांकडे जायचं ठरवलंय. बाबा येतो म्हणतात, पण दवाखान्यात ते पेशंटच्या आधी घाबरतात, हे तुला माहीत आहे. म्हणून तू ये. भिंतीवरचं उतरव असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू ठरव. पण येताना कॅमेरा आणू नकोस, फोनही पिशवीत राहू दे. दोन्ही हात मोकळे ठेवून ये, मला धरावे लागतील.

सगळ्यांत शेवटी जिला कळलं, ती तुझी
आई